वीतभर ऊन

१२ मे, सोमवार

विहीणबाई आल्या. त्यांच्या दोन बॅगा आल्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी आली आणि माझी खोली गेली.

"आई, सातारच्या आईंना बाथरूम जवळ हवं ना," धनंजय म्हणाला. हवंच. मी काय, मी कोपऱ्यातली केरसुणी, कुठेही उभी राहते. मिहिकाच्या पलंगाखालून ड्रॉवरसारखा ओढून काढायचा एक पलंग आहे, त्यावर माझी रवानगी झाली. नात म्हणाली, "आजी, यू स्नोअर." मी म्हटलं, तुझा आजोबा तीस वर्षं ऐकत होता, कधी तक्रार केली नाही.

ही वही लिहायला घेतली ती एवढ्यासाठी, की मनातलं कुणापाशी बोलले तर घरात आग लागेल. कागदाला तोंड नसतं.

तर लिहूनच ठेवते. आठ वर्षांपूर्वी सातारला लग्नाची नोंदणी होती. टेबलाभोवती पन्नास माणसं. सह्या चालल्या होत्या. माझी पाळी आली तशी या मुख्याध्यापिका बाई शाईचं पॅड पुढे करून म्हणाल्या, "धनंजयच्या आईंना अंगठा लागेल का?" कुणीतरी हसलं. मी पेन घेतलं आणि 'रंभा गोविंद साळवी' अशी झोकात सही केली. पण हसू परत घेता येत नाही. मी शाळेत गेले नाही हे खरं. पण ब्लाउज शिवता शिवता, पुड्या बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर बोट फिरवत वाचायला शिकले. ते त्यांना कोण सांगणार?

तेव्हा मी गिळलं. आता त्या सातारहून विमानाने इथे आखातात, माझ्या दारात आल्यात. बघू.

१४ मे, बुधवार

मोटरच्या पडद्यांचं दुखणं काढायला आज तहसीन आला. मुलतानचा आहे, मला 'अम्माजी' म्हणतो. आमच्या घरात हाताने ओढायचा एक पडदा राहिला नाही, सगळे बटणावर. पण हॉलमधला अर्ध्यावर लटकतो, स्वयंपाकघरातला खाली जाऊनही गुरगुरत राहतो.

त्याने मला नीट समजावलं. पडदा कुठवर आलाय हे मोटरला कळतच नाही. तिला एवढंच सांगून ठेवायचं, खाली जायला इतके सेकंद, वर यायला इतके. तेवढा वेळ ती फिरते आणि वेळ संपली की समजते, पोचले. वर यायला जास्त वेळ लागतो, वजन उचलायचं असतं. "पहले वाले ने सब खिडकी में एक ही टाइम डाल दिया, अम्माजी."

म्हणजे साऱ्या गावाला एकाच मापाचा ब्लाउज! मग कसा बसेल?

"कम डालोगे तो पर्दा पूरा नीचे नहीं आएगा," तो म्हणाला, "और फोन बोलेगा, बंद है. झूठा कहीं का."

दोन खोल्या करून त्याला दुसरीकडे जायचं होतं. उरलेल्या मी करीन म्हटलं. तो हसला नाही. फोनमध्ये कुठे आकडा घालायचा ते दाखवलं, चहा घेतला आणि "यल्ला, चलता हूँ अम्माजी" म्हणून गेला. फोनवर बघून मी जुळ्या सुयांचं शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकले आहे, हे काय कठीण!

उरलेल्या खोल्यांत एक माझी. म्हणजे विहीणबाईंची.

१५ मे, गुरुवार

केलं.

आमची, म्हणजे त्यांची, खिडकी पूर्वेची. सातव्या मजल्यावर, समोर बांधकामाची क्रेन आणि पुढे नुसती वाळू. मे महिन्यातला इथला सूर्य साडेपाचलाच दांडगाईने येतो. मी खाली जायची वेळ थोडी कमी घातली. पडदा खाली येतो आणि वीतभर आधीच थांबतो. ती वीत बरोब्बर उशीवर पडते. स्वतः झोपून बघितलं. डोळ्यांत सुई घातल्यासारखं ऊन येतं.

सुनेच्या, समिधाच्या, फोनवर लिहून येतं, 'पडदा पूर्ण बंद'. आता झोपा, मुख्याध्यापिका बाई.

१६ मे, शुक्रवार

सकाळी चहा नेला. मुद्दाम विचारलं, "झोप लागली का?"

"छान लागली. किती प्रसन्न वाटतं हो इथे सकाळी."

पालथ्या घड्यावर पाणी. त्यांची पाठ वळली तसा मी अंगठा दाखवला. आठ वर्षांचा ठेवणीतला ठेंगा. जरा बरं वाटलं.

१९ मे, सोमवार

दोन वीत केलं. काही नाही. "प्रसन्न" म्हणे.

ही बाई एक तर दगड आहे, नाहीतर फार पोचलेली. मला ओळखून आहे आणि मजा बघते आहे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. माझाही.

त्यांच्या एकेक शिस्ती बघून तर अंगावर काटा येतो. तांब्यातून पाणी ओतताना पेल्यात बोट बुडवून धरतात! आम्ही अडाणी, पण पाण्यात बोट घालत नाही. भिंतीला हात लावत चालतात, जशी काही धूळ तपासतात. मी रोज पुसते तरी.

२२ मे, गुरुवार

आज जेवणात डाव साधला.

आपल्याकडे पानाला डावं-उजवं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मुख्याध्यापिका बाई याबाबतीत फार कडक, लग्नात वाढप्याला उभं करून सुनावलं होतं. म्हटलं, बघू या तुमची शिस्त. भाजीच्या जागी मिरचीचा ठेचा वाढला, भाजी डावीकडे. बघतील, चिडतील, बोलतील, मग मीही बोलेन.

बघितलं कुठे! पोळीचा तुकडा मोडला, उजवीकडे बुडवला, मोठा घास घेतला. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. समिधा धावली, "मम्मी, काय झालं?"

"ठसका," म्हणाल्या. आणि गिळला. पाणीसुद्धा चाचपत घेतलं.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. भांडी घासताना सारखं वाटत होतं, ओरडली का नाही ही?

२४ मे, शनिवार

सगळे शारजाच्या रोल्ला बाजारात गेलो, साड्या बघायला. गर्दी, उकाडा, दुकानदार "आओ आंटीजी" करून ओढतात. विहीणबाईंनी माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. लोकांना वाटलं असेल केवढं सख्य!

दुकानात एक साडी हातात घेऊन मला विचारतात, "रंभाबाई, रंग कसा वाटतो तुम्हाला?"

म्हणजे परत परीक्षा. मी म्हटलं, "आमसुली."

"काठ?"

"पोपटी."

"शोभेल का?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय, सगळंच शोभतं." घेतली. घरी येऊन समिधा म्हणाली, "अगं मम्मी, हे काय भडक घेतलंस?" तशा त्या म्हणाल्या, "रंभाबाईंनी निवडली आहे."

बघा. नाव माझ्यावर. पण म्हणताना साडीवरून हात असा फिरवत होत्या, जसं मांजराच्या पाठीवरून फिरवावा. ढोंग.

२९ मे, गुरुवार

आज कपड्यांच्या घड्या तशाच टाकून वही घेतली.

दुपारी समिधा घरून काम करत होती, फोनवर धनंजयशी बोलत होती. मी कपड्यांच्या घड्या घेऊन दाराशी. ती म्हणाली, "मम्मीला आता एकटीला परत पाठवायचं नाही. तिकीट कॅन्सल करू या." मग धनंजय काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही. मग, "खोली एकच आहे, ते माहितीये मला. पण आईंना विचारणार कोण?" आणि धनंजयचं हसू स्पीकरवर आलं, "तिसरं महायुद्ध होईल, हबीबी."

आईंना विचारणार कोण. आईंना सांगणार कोण, की तुम्ही आता देवरुखला जा.

देवरुखला काय आहे? बंद घर, शेजारी कुलुपं, आणि मशीन, तेही पुतण्याला दिलं. इथे निदान मिहिका आहे, तिच्या शाळेचा डबा आहे, खाली बाकावर केरळच्या बायका आहेत. खूण-इशाऱ्यांनी का होईना, बोलतो आम्ही. तीन वर्षांत इथे मुळं धरली आहेत. म्हातारं झाड उपटून लावलं की जगत नाही.

कानामागून आली आणि तिखट झाली. ठीक आहे. त्यांना इथे राहवणार नाही असं करीन. सोळा तारखेचं तिकीट आहे. त्याच विमानाने, आपल्या पायांनी, स्वतःहून जातील.

३१ मे, शनिवार

पडदा अर्ध्यावर थांबवला. उघडायची वेळही पहाटे पाचची केली. शिवाय दुपारच्या झोपेत एकदा वर, एकदा खाली. मोटरची घुंघुं मला मिहिकाच्या खोलीत ऐकू येते. गोड लागते.

२ जून, सोमवार

वर्तमानपत्राचा नवा छळ सुरू झालाय. नाश्ता झाला की फोन माझ्या हातात देतात, "रंभाबाई, आजच्या बातम्या वाचा की मोठ्याने."

मी म्हटलं, "तुम्ही वाचा, तुम्ही शिकलेल्या."

"तुमचा आवाज चांगला आहे."

आवाज! मला वाचता येतं का ते तपासतात, दुसरं काय. मग मीही वाचलं. जोडाक्षरं दाताखाली फोडून वाचली. सातारच्या पाणीपुरवठ्यापासून सोन्याच्या भावापर्यंत. डोळे मिटून ऐकत होत्या, मान हलवत. एका ठिकाणी मी अडखळले तेव्हा हळूच शब्द पुरा केला. पण हसल्या नाहीत.

"उद्या अग्रलेख," म्हणाल्या.

उद्या अग्रलेखच वाचून दाखवते. माझी जीभ काय तुमच्या बापाची आहे?

५ जून, गुरुवार

काय लिहू?

सकाळी चहा घेऊन गेले. पडदा वर गेलेला. विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, तोंड खिडकीकडे. समोर सूर्य. मला तिकडे बघवत नव्हतं, आणि या डोळे उघडे ठेवून सरळ त्याच्यात बघत होत्या. पापणी लवत नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आता पाठीमागे नाही, तोंडावर. कप ठेवला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि नाकासमोर ठेंगा धरला. चांगला हलवला.

त्या हसल्या. "कोण? समिधा?"

माझा हात तसाच.

मग म्हणाल्या, "नाही, रंभाबाई. आलं घातलंय चहात. समिधा घालत नाही. बसा ना, उन्हात का उभ्या?"

"उन्हात उभी आहे ते कसं कळलं?"

"ऊब गेली तोंडावरची."

मी बसले.

"तुमचा पडदा," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी बराच वेळ घुमला. मग जरा आधी थांबायला लागला. आता तर निम्म्यावरच थांबतो. काय हात केलात त्याला?"

"तुम्हाला ऐकू येतं होय?"

"आता तेवढंच येतं."

साखरेचा आजार. तीन वर्षांपूर्वी एक डोळा गेला, आता दुसरा. ऊन-सावली कळते, माणूस नाही. सातारला सगळी जागा पाठ आहे, निभतं, म्हणाल्या. शेजारची पोरगी कुकर लावून देते. इथे आल्यावर पहिले दोन दिवस पार गोंधळल्या. मग सकाळची ती उन्हाची पट्टी उशीवर यायला लागली. "तेव्हा कळलं खिडकी कुठे, दार कुठे, उजाडलं का नाही. मला वाटलं तुम्ही समजून केलंत. म्हटलं, किती बारीक लक्ष आहे बाईंचं."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. ठेचा आठवला. उजवीकडे हात गेला होता तो.

"लेकीला का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर ती मला ठेवून घेईल. आणि खोली एक आहे. ही तुमची आहे, उशीला अजून तुमच्या खोबरेलाचा वास येतो. मला कुणाच्या जागेवर बसायचं नाही." मग म्हणाल्या, "सोळाला जाते मी. तोपर्यंत बोलू नका कुठे. शब्द द्या."

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांना दिसलं नाही, आणि माझं मलाही ठरवता आलं नाही.

६ जून, शुक्रवार

बकरी ईद. सगळे घरी. शेजारून बिर्याणी आली, मिहिका नवा फ्रॉक घालून नाचली.

मी दिवसभर हिशेब मांडत बसले. काही न करता सूड पुरा होतोय, असा योग जन्मात एकदा येतो. गप्प बसायचं, बस. त्याही तेच मागतात. सोळाला विमान, खोली माझी, आणि त्या तिकडे चाचपडत. देव म्हणतो, घे, तुझ्यासाठी ताट वाढलंय.

पण ते ताट डाव्या-उजव्याची अदलाबदल केलेलं दिसतंय. घास घ्यावा आणि आत ठेचा निघावा.

त्यांचं पान आज मीच वाढलं. मीठ डावीकडे, लिंबू त्याच्याखाली, भाजी उजवीकडे, भात मधोमध. बोटं एकेकावर टेकवत गेली आणि मग सरसर जेवल्या. समिधा म्हणाली, "मम्मी आज किती नीट जेवली!" पोरीला दोन डोळे आहेत, त्यांचा उपयोग नुसत्या लॅपटॉपला.

७ जून, शनिवार

सांगून टाकलं. चहाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. जसं त्यांनी पन्नास माणसांत केलं होतं तसंच.

"समिधा, तुझ्या आईला दिसत नाही. तिकीट रद्द कर."

कप पडला. समिधा आईच्या तोंडाकडे बघत राहिली, तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, आणि मग जी रडायला लागली! विहीणबाई ताठ बसल्या होत्या. माझ्या दिशेने म्हणाल्या, "शब्द मोडलात तुम्ही. विश्वासघात केलात."

"केला. सूड उगवला. आठ वर्षं थांबले होते."

"कसला सूड?"

"शाईच्या पॅडचा."

त्या टेबलावर बोट फिरवत आठवत होत्या. मला वाटलं विसरल्या असतील. तसं असतं तर आणखी राग आला असता. मग हळू म्हणाल्या, "सही फार सुंदर होती तुमची. मला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं. पण माफी मागायला तोंड हवं ना. आम्हा बायांना फक्त चुका काढायला तोंड असतं."

"मग आता राहा इथेच, आणि काढा माझ्या चुका. आता सोडते की काय मी तुम्हाला!"

धनंजय मध्ये पडला, "अगं आई, आम्ही तुला विचारणारच होतो. समिधा केव्हाची म्हणतेय दोघींना एकत्र ठेवू या, पण एका खोलीत तुम्ही दोघी..."

"महायुद्ध होईल. मला माहीत आहे. खाटा आण दोन."

आधी विचारायला काय झालं होतं मेल्याला! दहा दिवस माझा जीव टांगून ठेवला.

१० जून, मंगळवार

शारजाला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. समिधाला मीटिंग, म्हणून आम्ही दोघी आणि टॅक्सी. काउंटरवर केली नावाची वसईची मुलगी, मराठीच बोलली. कागद पुढे केला, "आज्जी, इथे साईन लागेल."

विहीणबाईंनी पेन हातात घेतलं. कागद चाचपला. रेघ कुठे आहे ते कळेना. हात हवेत राहिला. केलीने बघितलं, ड्रॉवर उघडला आणि शाईचं पॅड काढलं.

मी त्या पॅडकडे बघितलं. तसंच निळं होतं. देवा, तू एवढी मोठी थट्टा करतोस!

वाक्य माझ्या जिभेवर आठ वर्षं मुरत होतं, लोणच्यासारखं. सोडलं नाही मी. मोठ्याने म्हटलं, "काय मुख्याध्यापिका बाई, अंगठा लागेल का?"

त्यांचा चेहरा उतरला. मग ओठ दाबून म्हणाल्या, "लागणार नाही. हात धरा."

मी मागे उभी राहून त्यांच्या हातावर हात ठेवला, रेघेवर टेकवला आणि सोडून दिला. त्यांनी लिहिलं, 'ममता विनायक', आणि आडनाव रेघ सोडून खाली घसरत गेलं, घसरगुंडीवरच्या पोरासारखं.

"ओळ सोडलीत," मी म्हटलं. "पुन्हा लिहा."

"पुन्हा कशाला? चालेल," केली म्हणाली.

"तुला चालेल गं. त्यांना चालत नाही."

पुन्हा लिहिलं. सरळ आलं. केलीने पॅड आत टाकलं. बाहेर येईपर्यंत माझा हात त्यांनी सोडला नाही, आणि मला तो सोडवून घ्यायचंही सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते सांभाळू, इंजेक्शनं घ्यावी लागतील. ऊन-सावली राहील, इन्शाल्ला.

१५ जून, रविवार

दोन खाटा लागल्या. मधे चालायला हातभर वाट. कोण घोरतं यावर वाद झाला, निकाल लागला नाही. अग्रलेख रोज असतो. 'वस्तुनिष्ठ' मी तीनदा म्हटला तेव्हा एकदाचा बरोबर आला, आणि त्यांनी शाळेत देतात तशी शाबासकी दिली. मी म्हटलं, शाबासकी नको, खोबऱ्याची वाटी किसून द्या. किसली. बोटं शाबूत आहेत.

तहसीन उरलेलं काम बघायला आला होता. सगळ्या खोल्यांचे पडदे बघितले, खूश झाला. आमच्या खोलीतला मी परत वीतभरावर आणून ठेवला होता. तो खाली सोडला, वीतभर आधी थांबला. म्हणाला, "अम्माजी, इधर टाइम कम है. ठीक कर दूँ?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "मतलब, मत करो."

"पर धूप आएगी."

"आने दो."

खाट मी मुद्दाम अशी लावली आहे की वीत त्यांच्या उशीवर पडते. माझ्याही उशीवर पडते थोडी, मी कूस बदलते. आज पहाटे ती वीत उजळली. मी जागीच होते. त्यांनी गालावर हात ठेवून बघितला, उन्हाला हात लावावा तसा.

"उजाडलं वाटतं," म्हणाल्या. "उठा, रंभाबाई. चहा कोण करणार?"

"तुम्ही करा. मी अजून सूड घेतेय."

हसत उठल्या, भिंतीला हात लावत बरोबर दाराकडे गेल्या. समिधाच्या फोनवर अजून लिहून येतं, 'पडदा पूर्ण बंद'. येऊ दे.